शब्दाला साक्षीदार हवा

मराठी शब्द अडला की आपल्यापैकी बरेच जण शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलेले कोश उघडतात. तिथे मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. एकच शब्द दोन्हीकडे लागोपाठ पाहा. दाते-कर्वे अर्थापाशी बरेचदा एखादे वाक्य देतात आणि पुढे खूण करतात: ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतली वाक्येही तिथे भेटतात. मोल्सवर्थमध्ये कादंबरी भेटत नाही.

भेटणार तरी कशी? मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली, आणि मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ही त्याच वर्षी. गंमत म्हणजे पुढे १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप केला तो याच पदमनजींनी. कोश आणि कादंबरी असे एकाच माणसाच्या टेबलावर होते, पण साक्ष म्हणून कादंबरी कोशात यायला दाते-कर्व्यांची वाट पाहावी लागली. त्यांचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये आले, पुरवणी १९५० मध्ये.

साक्ष कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. ‘आलवण’ घ्या. विधवेने नेसायचे तांबडे लुगडे, एवढे कोश एका ओळीत सांगतो. इथे वाढलेल्या मुलीला त्यातून कापडाचा रंग कळतो. ते लुगडे अंगावर आल्यावर घरात त्या बाईचे काय होते, हे कळायला ‘पण लक्षांत कोण घेतो’मधल्या यमूसारखी स्वतःची हकीकत सांगणारी बाई लागते. माजघरातली बोली आपल्याला कादंबरीने टिकवून दिली. पोथ्यांत ती क्वचितच सापडते.

अडचण अशी, की ही साक्ष १९५० पाशी थांबते. ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची, उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, ‘कोसला’ १९६३ ची. तुमची आजी वऱ्हाडातली असेल तर तिचे कितीतरी शब्द ‘धग’मध्ये आहेत, आणि शिकागोच्या पडद्यावर मात्र त्यांच्यापुढे ‘धग’मधले वाक्य नाही. तिचा शब्द चुकीचा नव्हता, हे नातवंडांना दाखवायचे कशावरून?

यावरचा एक जुना उपाय आपल्या अगदी शेजारी झालेला आहे. न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियातले ईस्टन गाव लागते. तिथल्या लाफायेट कॉलेजचे प्राध्यापक फ्रान्सिस मार्च यांनी १८७९ पासून ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी अमेरिकेतल्या वाचकांचे काम सांभाळले. साध्या वाचकांनी घरी बसून पुस्तके वाचायची. शब्द, वाक्य, पुस्तकाचे नाव आणि साल चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे. पगार नाही.

आज ती चिठ्ठी विक्शनरीत कुणीही टाकू शकतो. तुमच्या बेसमेंटमधल्या खोक्यात भारतातून आणलेल्या कादंबऱ्या असतीलच. हरिभाऊ १९१९ मध्ये गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. नव्या लेखकांचे एखादेच वाक्य घ्यावे, लेखकाच्या नावासह. पानाचा आकडा एकटा देऊ नका, प्रकरणही द्या, कारण आवृत्ती बदलली की पाने हलतात. दाते-कर्व्यांच्या खुणांचा माग काढताना मी याच खड्ड्यात अनेकदा पडलो आहे.

आणि शुद्धलेखन सुधारू नका, ही माझी कळकळीची विनंती. हरिभाऊंचे ‘लक्षांत’ अनुस्वाराचे होते. १९६२ च्या नियमांनंतर तो गेला आणि आता त्याच पुस्तकाच्या नावात ‘लक्षात’ छापतात. उताऱ्यात तुमच्या हातातल्या प्रतीत असेल तेच ठेवा, सोबत प्रतीचे साल लिहा. शोधताना मात्र दोन्ही रूपे घालून पाहा.