टायरवरच्या आकड्यांचा इतिहास

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना लोहार आधी चाकाचा घेर मोजतो. धाव त्याहून किंचित लहान करतो, ती तापवून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते व चाकाला आवळून बसते. माप चुकले, तर धाव चढत तरी नाही किंवा निसटते तरी.

मोटारीच्या टायरचे माप टायरवरच छापलेले असते. तरीही ते वाचताना पुष्कळांचा गोंधळ होतो. '१८५/६५ आर १५' हे माप पाहा. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा टक्क्यांत आणि तिसरा इंचांत आहे! एकाच वस्तूला तीन परिमाणे का, याचे उत्तर इतिहासात सापडते.

१९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीचे पुढचे टायर ३० × ३ आणि मागचे ३० × ३½ इंचांचे होते. यातील ३० हा टायरचा बाहेरचा व्यास आणि दुसरा आकडा जाडी. टायर ज्यावर बसतो त्या रिमचा व्यास मात्र वजाबाकी करून काढावा लागे : पुढे ३० − ६ = २४ इंच, तर मागे ३० − ७ = २३ इंच. म्हणजे बाहेरून सारखे दिसले, तरी पुढचे टायर मागे बसत नसे!

पुढे कमी दाबाचे, जाड टायर आले आणि 'मॉडेल टी'लाच ४.४०-२१ असे माप मिळाले. आता रुंदी आणि रिमचा व्यास हेच आकडे लिहिले जाऊ लागले. आपल्या ॲम्बॅसॅडरचे ५.९०-१५ आणि मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार झालेल्या पद्मिनीचे ५.२०-१४ ही मापे याच पद्धतीची. टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असे, म्हणून ती वेगळी लिहिण्याची गरज नव्हती.

१९४६ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. जुन्या टायरमधील दोरे तिरपे, एकमेकांना छेदणारे असत; रेडियलमध्ये ते एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात. 'आर' हे अक्षर या रचनेचे आहे, त्रिज्येचे नव्हे. १५ इंच हा रिमचा व्यासच. रेडियलबरोबर रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिण्याची पद्धत रुळली. नंतर बुटके टायर आले, तेव्हा उंची रुंदीच्या किती टक्के हेही सांगावे लागले.

मग रिमच तेवढी इंचांत का राहिली? मिशेलिनने १९७५ मध्ये मिलिमीटरच्या रिमा आणून पाहिल्या. ३९० मिलिमीटर म्हणजे सुमारे १५.३५ इंच. अशा रिमेला खास टायरच लागे आणि जगभर तर इंचांच्या रिमा पसरलेल्या. ती पद्धत टिकली नाही.

रिमेच्या बाबतीत 'जवळपास' चालत नाही. अमेरिकेत १६ आणि १६.५ इंच अशा दोन्ही रिमा वापरात होत्या. १६ इंचांचे टायर १६.५ च्या रिमेवर चढते, पण नीट बसत नाही. हवा भरताना काठातील तार तुटून टायर फुटल्याने माणसे जखमी झाली.

रुंदी आणि टक्के मात्र हिशेबाने बदलता येतात. मारुती स्विफ्टच्या काही आवृत्त्यांना १६५/८० आर १४, तर काहींना १८५/६५ आर १५ टायर असत. बाहेरचा व्यास काढू (१ इंच = २५.४ मि.मी.) :

२ × (१६५ × ०.८०) + १४ × २५.४ = ६१९.६ मि.मी.
२ × (१८५ × ०.६५) + १५ × २५.४ = ६२१.५ मि.मी.

फरक दोन मिलिमीटरही नाही. वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो, म्हणून हा व्यास जपावा लागतो. तो वाढला, तर मोटार काटा दाखवतो त्याहून वेगाने धावते. अर्थात रिम आणि भारक्षमताही जुळली पाहिजे. म्हणून कंपनीने नेमून दिलेले माप दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहणेच श्रेयस्कर.

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या टायरवरील आकडे विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायला सांगावेत. त्यावरून व्यास काढावा. मग टायरवर खडूची खूण करून मोटार सावकाश एक फेरा पुढे न्यावी आणि अंतर मोजावे. ते हिशेबापेक्षा किंचित कमी भरेल. का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. मोटारीच्या भाराने दबलेले टायर पाहून उत्तर त्यांना सुचेल.