जंतू गेला, खूण राहिली

बाळाची पहिली शी काळपट हिरवी असते, डांबरासारखी चिकट. दुपट्याला लागली तर डाग सहज निघत नाही. १८८५च्या सुमारास म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश हे तरुण बालरोगतज्ज्ञ ही शी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तासन्‌तास पाहत होते. जन्मल्याबरोबर घेतलेल्या नमुन्यात त्यांना जंतू आढळत नसत. काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात मात्र ते दिसू लागत. या पहिल्या पाहुण्यांपैकी एका आखूड, दांडीसारख्या जंतूला त्यांनी नाव दिलं ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’, म्हणजे मोठ्या आतड्यातला सर्वसाधारण जंतू. पुढे त्यांच्याच नावावरून तो एशेरिशिया कोलाय झाला. आपल्याकडे लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ असं छापून येतं, तो हाच.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात याचा हात असावा असा ठोस पुरावा मिळायला त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षं गेली. मला याचं एक मोठं कारण साधं वाटतं. जो प्रत्येकाच्या पोटात आहे, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? पटकी आणि क्षयाचे जंतू आजाऱ्यांत सापडत, म्हणून ते पकडता आले. हा तर तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच घरचा.

उलट, मधल्या काळात त्याला औषधाचा मान मिळाला. १९१७ साली फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड निस्ले यांना एक सैनिक भेटला. बाल्कन आघाडीवर त्याच्याबरोबरची माणसं रक्ती आवेनं हैराण झाली होती, याला काहीच झालं नव्हतं. याच्या आतड्यातला ई. कोलाय दुष्ट जंतूंना हुसकावून लावत असणार, असा तर्क निस्ले यांनी केला. त्यांनी तो जंतू वेगळा काढला, वाढवला आणि कॅप्सूलमध्ये भरून ‘म्युटाफ्लोर’ या नावानं आणला. आतड्याच्या दाहावर ते औषध पुढे कितीतरी वर्षं दिलं गेलं. या सैनिकाच्या जंतूला लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

२००६ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाँ-फिलिप नुजेरेद, एरिक ओस्वाल्ड आणि त्यांचे सहकारी नवजात बाळाच्या मेंदुज्वरातून मिळालेला ई. कोलाय प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींवर सोडून बघत होते. पेशी मेल्या नाहीत. त्या फुगत गेल्या आणि विभागायच्या थांबल्या. त्यांच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले होते. हे घडवणारी सामग्री जंतूच्या जनुकांच्या एका सलग पट्ट्यात होती, आणि तो पट्टा काही ई. कोलायमध्ये होता, काहींमध्ये नव्हता. त्यातून तयार होणाऱ्या विषाला ‘कोलिबॅक्टिन’ म्हणतात. आरोप ‘ई. कोलाय’ या अख्ख्या जातीवरून उतरून असा एका पट्ट्यावर आला. आणि निस्ले यांच्या त्या गुणी जंतूत? त्यातही हाच पट्टा निघाला. पुढे २०१२ मध्ये तर असं दिसलं, की त्याचा औषधी गुण आणि विष करण्याची ताकद वेगळी काढता येत नाही. विषाचं यंत्र बंद पाडलं, तेव्हा गुणही गेला. हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबले होते. आपण ‘चांगले जंतू’, ‘वाईट जंतू’ अशी वाटणी किती सहज करतो.

कोलिबॅक्टिन करतं काय? डीएनएच्या दोन धाग्यांना ते एकमेकांशी जखडून टाकतं. झिपमध्ये कापड अडकलं की ती ना वर जाते ना खाली, तसं. पेशीला विभागताना हे धागे सुटे करावेच लागतात. मग ती अडकलेला भाग कापते, सांधते, आणि सांधताना चुकते. हे विष इतकं नाजूक, की संशोधकांनी त्याची रचना ताडली ती बरीचशी डीएनएवर त्यानं सोडलेल्या अवशेषांवरून.

२०१२ साली अमेरिकेत क्रिस्तियाँ जोबां यांच्या गटानं उंदरांवर प्रयोग केला. आतड्याचा दाह सहज होणाऱ्या उंदरांना हा पट्टा असलेला ई. कोलाय दिला, शिवाय कर्करोगाला पोषक रसायनही. काहींना दिलेल्या जंतूतून तो जनुकांचा पट्टा काढून टाकला होता. दाह दोन्हींकडे सारखाच झाला. गाठी मात्र पट्टा काढलेल्यांत कमी.

त्याच वर्षी व्हँकूव्हर आणि बॉस्टनमधल्या दोन गटांना आतड्याच्या गाठींमध्ये दातांच्या किटणात राहणारा फ्युजोबॅक्टेरियम मोठ्या संख्येनं मिळाला, आणि बराचसा गाजावाजा त्याचाच झाला. तो संशय खराच आहे; २०१७ मध्ये तर यकृतात पसरलेल्या गाठींतही तो सापडला. पण जागेवर सापडलेल्याबद्दल एक प्रश्न कायम राहतो: यानं घर पाडलं, की पडक्या घरात हा राहायला आला? कोलिबॅक्टिनचा माग काढणाऱ्यांनी उलटी वाट धरली. त्यांनी जंतू शोधला नाही, त्याचं पाऊल शोधलं.

ते पाऊल आधी दिसलं इंग्लंडमध्ये, आणि तेव्हा कुणाचं ते कळलं नव्हतं. २०१९ साली केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये ४२ जणांच्या आतड्यांतल्या निरोगी पेशींचा जनुकसंच वाचला गेला. काहींच्या आतड्यात ठिगळासारख्या भागांत डीएनएतल्या चुकांची एक विशिष्ट नक्षी होती. पेशींच्या वंशावळीवरून हिशेब केला तेव्हा दिसलं, की ती नक्षी वयाच्या पहिल्या दहाएक वर्षांतच उमटली होती आणि नंतर थांबली होती.

चारच महिन्यांनी, २०२०च्या फेब्रुवारीत, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून उत्तर आलं. हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून इवले पोकळ गोळे वाढवले. बारीक सुईनं त्यांच्या पोकळीत कोलिबॅक्टिन करणारा ई. कोलाय पुन्हा पुन्हा सोडला, पाच महिने. काही गोळ्यांत तोच जंतू, पण एक जनुक मोडून विष बंद केलेला. मग डीएनए वाचला. विष करणाऱ्या जंतूच्या गोळ्यांत ए आणि टी या अक्षरांची दाटी असते तिथे ठरावीक ठिकाणी टी बदललेलं, टी-टी-टी अशा रांगेतून एखादं टी गळालेलं. दुसऱ्या गोळ्यांत ही नक्षी नाही. इंग्लंडमध्ये दिसलेलं पाऊल हेच. रुग्णांच्या हजारो गाठींच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर आतड्याच्या काही गाठींतही ते मिळालं. सगळ्या नव्हे, थोड्याच.

२०२५च्या एप्रिलमध्ये सॅन डिएगोच्या ल्युडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटानं ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकसंच वाचून अभ्यास प्रसिद्ध केला. आतड्याचा कर्करोग चाळिशीच्या आत झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनची खूण सत्तरीनंतर झालेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळली, आणि ती गाठीच्या घडणीत फार आधी उमटलेली होती. अनेक देशांत पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढत असताना ही गोष्ट लहान नाही. यावरून कुणी आपल्या मुलाकडे धास्तीनं पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. हा पट्टा असलेला जंतू कितीतरी निरोगी माणसांत असतो आणि त्यांना काही होत नाही. खूण हा एक घाव आहे, कर्करोगाला असे अनेक घाव लागतात.

पण तपासणीचा अर्थ मात्र बदलला. पस्तिशीतल्या रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात आज हा जंतू मिळाला नाही, म्हणून तो आठव्या वर्षीही नव्हता असं म्हणता येत नाही. त्याचं उत्तर नमुन्याच्या डबीत नसतं. ते गाठीच्या पेशीत, त्या गळालेल्या टीच्या जागी असतं.