चिखलाने जपलेला शिंपला

१९०९ सालच्या ऑगस्टअखेरीस कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या डोंगरांत चार्ल्स डूलिट्ल वॉल्कॉट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाच्या हाती काळसर शेल खडकाचे काही तुकडे आले. शेल म्हणजे बारीक चिखल दाबला जाऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. ‘बर्जेस शेल’ या नावाने तो पुढे विख्यात झाला.

वॉल्कॉट यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. व्यासंग मात्र दांडगा. ब्रॅकिओपॉड या सागरी प्राण्यांवर त्यांनी १९१२ साली बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. हे प्राणी कालवासारखे दिसले, तरी त्यांचे कुळ निराळे. कालवाचे दोन शिंपले डावे-उजवे असतात, यांचे वरचे-खालचे.

एरवी अशा प्राण्याचे कवच तेवढे उरते. बाकीचे कुजून जाते. येथे मात्र सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रातील कड्याच्या पायथ्याशी गाळाचे लोट येऊन प्राणी एकाएकी गाडले गेले. प्राणवायूच्या अभावी कुजणे मंदावले. म्हणूनच ‘मायक्रोमिट्रा’ या ब्रॅकिओपॉडच्या कवचाबाहेर डोकावणारे नाजूक केस आजही दिसतात. काही शिंपले तर स्पंजाच्या काट्यांना चिकटलेलेच सापडले आहेत.

१९२७ साली वॉल्कॉट निवर्तले. त्यांनी जमविलेले ६५,००० हून अधिक नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेत होते. परंतु कारभाराच्या व्यापात त्यांचा सखोल अभ्यास राहून गेला. तो हॅरी व्हिटिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ नंतर हाती घेतला.

प्राणी होता, एवढे कवच सांगते. तो कसा जगला, हे त्या केसांनी सांगितले.