अंगठा आणि हिशेब

मोबाइल फोन आणि संगणक यांविषयी बोलायचे म्हणजे उद्याविषयी बोलायचे, असा एक समज झाला आहे. आम्ही मात्र या वस्तूंच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत, आणि तोही शहापूर व मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या दोन डोंगराळ तालुक्यांतला. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापुरात आहेत, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. मुरबाड माळशेज घाटाच्या पायथ्याशी आहे. अशा ठिकाणी हातातले यंत्र कसे आले, त्याने कोणाचे काय सोपे झाले, आणि ते बिघडले तेव्हा नुकसान कोणाच्या वाट्याला गेले, हे सांगण्याचा आमचा विचार आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे शिक्षण झाले ते मजुरांची हजेरीपत्रके आणि मालकांच्या वह्या वाचून. तेव्हा यंत्राकडेही आम्ही हिशेबाच्या बाजूनेच पाहतो.

आज आपण फोन उघडण्यासाठी त्यावर अंगठा टेकवतो. रेशन घ्यायचे तर दुकानातल्या यंत्रावर अंगठा, बँकमित्राकडून पैसे काढायचे तर पुन्हा अंगठा. ही युक्ती परदेशातून आली असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तिचा जन्म आपल्याच देशातला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला, आणि उद्या याने करार नाकारू नये म्हणून त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी करण्याचे अवघड गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी नोकरांनी बसवले. नाव झाले ते त्यांच्या साहेबाचे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ठशाने अंगठा कोणाचा हे सिद्ध होते. अंगठ्याच्या वर काय लिहिले होते आणि ते त्या माणसाला कळले होते काय, हे ठशाने सिद्ध होत नाही. हर्शेलला पहिली गोष्ट हवी होती. कष्टकरी माणसाचे सगळे भांडण दुसऱ्या गोष्टीचे आहे.

हे भांडण जुने आहे. माळशेज घाट चढून वर गेले की पुणे आणि अहिल्यानगर हे जिल्हे लागतात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि हा उठाव आसपासच्या गावांत पसरला. लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घ्यावे आणि जाळावे, हा बहुतेक ठिकाणचा क्रम. निरक्षर माणसाने कागद का जाळावा? कारण त्याला न वाचता येणारा तो कागद त्याची जमीन खात होता. त्याच १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकाच जिल्ह्यात एकीकडे माणसे व्याख्यानाला जमत होती आणि दुसरीकडे कागद जाळायला जमत होती. व्याख्यानांना जाणाऱ्या आपणां सर्वांनी याचा विचार करावा.

या उठावानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्यात दोन तरतुदी फार शहाणपणाच्या होत्या. शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी कारकुनासमोर लिहिला गेला पाहिजे ही एक. आणि शेतकऱ्याने मागितल्यास सावकाराने त्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक दिले पाहिजे ही दुसरी. म्हणजे हिशेबाची एक प्रत देणेकऱ्याच्या हातात असावी, हे सरकारने तेव्हाच मान्य केले होते. हा कायदा आरंभी घाटावरच्या चार जिल्ह्यांना लागू झाला. ठाणे जिल्हा त्यात नव्हता.

ठाणे जिल्ह्यात तर गोष्ट त्याहून वाईट होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. रक्कम फिटली की नाही हे सावकाराची वही सांगे, आणि वही म्हणे की फिटली नाही. जानेवारी १९४५ मध्ये शहापूरच्या वेशीजवळ, टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठीचे जोखड फेकून दिले. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा मात्र १९७६ साली झाला.

यानंतर आली रोजगार हमी. तिचे जनक वि. स. पागे. १९६५ साली सांगली जिल्ह्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात तिने माणसे जगवली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. आम्ही चळवळीत आलो तेव्हा कामावरचे मस्टर कागदाचे असे. मुकादम नावे पुकारी आणि आठवड्याने पैसे वाटताना नावापुढे निळ्या शाईचा अंगठा उमटे. त्या मस्टरात लबाडी नव्हती असे कोणी समजू नये. मेलेली माणसे त्यावर कामाला येत, मुंबईला गेलेली माणसे मातीची घमेली वाहत. परंतु लबाडी कागदावर होती, कागद एका टेबलावर होता, आणि टेबलामागे एक माणूस होता. दहा मजूर घेऊन त्याच्यापुढे बसता येई. त्याला नाव होते.

आता कागदाची जागा फोनने घेतली आहे. राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर २०२१ साली मोबाइलवरून हजेरी घेण्याचे अॅप आले, आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व सार्वजनिक कामांवर ते सक्तीचे झाले. कामाच्या जागी मजुरांचा फोटो सकाळी एकदा आणि दुपारी एकदा काढायचा, तो जागेच्या खुणेसह वर पाठवायचा, आणि दोन्ही फोटो पोचले तर दिवस भरला. हेतू चांगला होता. मेलेल्या माणसाचा फोटो निघत नाही. पण शहापुरात डोळखांबच्या बाजूला किंवा मुरबाडात टोकावड्याच्या वर जाऊन पाहावे. रेंज मिळावी म्हणून फोन हातात उंच धरून टेकाडावर उभी असलेली माणसे तेथे दिसतात. फोटो पोचला नाही तर खोदलेली चर पुन्हा बुजत नाही, पण तिची मजुरी बुडू शकते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून निरनिराळ्या राज्यांतले मजूर याच तक्रारीसाठी दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. आणि लबाडी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामविकास खात्यानेच परिपत्रक काढून सांगितले की भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून पाठवला जातो, तेव्हा आता माणसांनी फोटो तपासावेत. म्हणजे यंत्र तपासायला शेवटी माणूसच लागला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कायद्याचे नाव बदलले तरी टेकाडावरची रेंज आपोआप बदलत नाही.

शहरातल्या माणसाचाही संगणक बिघडतो. परवलीचा शब्द विसरतो, मुलीच्या लग्नाचे फोटो पुसले जातात, विजेचे बिल भरताना पैसे खात्यातून जातात आणि पावती येत नाही. त्याची एक संध्याकाळ वाया जाते, तो चिडतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणी जाणता मुलगा ते दुरुस्त करतो. आमच्या संघटनेकडे आलेली एका कातकरी बाईंची गोष्ट पाहा. त्यांचे नाव इंग्रजीत बँकेत एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले होते. फरक एका अक्षराचा. त्या अक्षरापायी त्यांची मजुरी अनेक महिने अडकली. प्रत्येक खेपेला एक दिवसाचे काम बुडवून आणि वडापचे भाडे भरून त्या तालुक्याला येत, आणि खिडकीतून उत्तर मिळे की सर्व्हर बंद आहे. सर्व्हर म्हणजे कोण साहेब, असे त्यांनी आम्हाला विचारले. त्या साहेबापुढे दहा मजूर घेऊन बसता येत नाही, एवढाच आमचा खुलासा होता.

मुरबाड तालुक्यात २०१६ साली दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली वर्षाच्या अखेरची. ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, आणि १ डिसेंबरला धसई हे महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री समारंभाला आले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली. आसपासच्या पाड्यांचा बाजार धसईला भरतो, म्हणून गावाची निवडही योग्यच होती. पण पाड्यावरून पावशेर तेल घ्यायला येणाऱ्या माणसाकडे कार्ड नव्हते, यंत्राला कधी रेंज नसे, कधी वीज नसे. वर्षभरात रोकड परतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पुढे फोनवरून पैसे देण्याची पद्धत आली आणि चौकोनी ठिपक्यांचा कागद दुकानांच्या भिंतींवर चिकटला. त्याच्या उद्घाटनाला कोणी मंत्री आला नाही, तरी तो टिकला. कारण त्या कागदाला दुकानदारास भाडे पडत नाही, आणि ग्राहकाला निराळे कार्ड बाळगावे लागत नाही. लोक यंत्राला भितात, हे खरे नाही. परवडणारे आणि समजणारे यंत्र लोक न सांगता उचलतात.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी ८ मार्चची, जागतिक महिला दिनाची. मुरबाडच्याच फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या खटपटीने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटीदप्तर घेऊन, दुपारी दोन ते चार अक्षरे गिरवू लागल्या. पोथी वाचता यावी आणि अंगठ्याच्या जागी सही करता यावी, ही त्यांची आस. आयुष्यभर अंगठा दिलेल्या बाईला सत्तराव्या वर्षी सही का करावीशी वाटते, हे ज्याला कळले त्याला आमच्या म्हणण्याचा निम्मा भाग कळला.

उरलेला निम्मा भाग अंगणवाडीच्या बायांनी सांगितला. सेविकांना २०१९ साली सरकारी मोबाइल मिळाले. १ मार्च २०२१ रोजी पोषणाच्या नोंदींचे नवे अॅप आले. फोन त्या भाराने तापू लागले, अडकू लागले, आणि भरायची माहिती इंग्रजीत. दुरुस्तीचा खर्च मानधनातून, आणि नोंद राहिली तर जाब सेविकेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या हजारो सेविकांनी हे मोबाइल सरकारला परत केले. काहींनी त्यांना यंत्रद्वेष्ट्या म्हटले. ते बरोबर नव्हते. त्यांना चालणारे यंत्र आणि मराठी अॅप हवे होते. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होतीच.

यंत्र कष्टकऱ्याच्या बाजूने कसे उभे राहते, तेही सांगितले पाहिजे. दिवाळीनंतर आमच्या भागातली कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. किती हजार विटा पाडल्या हे मालकाची वही सांगते. गेली काही वर्षे आमच्या संघटनेने एक साधी रीत पाडली आहे. ज्या कुटुंबात फोन आहे त्यातल्या शाळकरी पोराने रोज संध्याकाळी रचलेल्या विटांचा फोटो काढायचा, आणि शनिवारी मिळालेल्या खर्चीचा आकडा बोलून ठेवायचा. फोनला तारीख आपोआप लागते. हिशेबाच्या दिवशी वहीसमोर फोन ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. १८७९ च्या कायद्यातले पासबुकच हे; या वेळी ते मजुराने स्वतः लिहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पीकपाहणीची नोंद शेतकरी आपल्या फोनवरून स्वतः करू लागला, त्यातही हेच तत्त्व आहे. ज्याचे पीक, त्याची नोंद.

या सगळ्या हकीकतीवरून आमच्या तीन मागण्या निघतात. ज्याची नोंद घेतली त्याला तिची प्रत त्याच्या भाषेत, त्याच दिवशी मिळावी. यंत्र बंद पडले तर त्या दिवसाची मजुरी, रेशन किंवा पेन्शन अडू नये. बिघाडाचे नुकसान यंत्राच्या मालकाने सोसावे. आणि प्रत्येक यंत्रामागे तालुक्याच्या ठिकाणी सही करणारा, नाव असलेला एक माणूस असावा.

शहरातल्या वाचकांकडे आमचे एक काम आहे. रेशनच्या दुकानात किंवा बँकेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही, तेव्हा रांग खोळंबली म्हणून आपण चुळबुळ करतो. त्या अंगठ्याच्या रेघा भात लावून आणि विटा पाडून झिजलेल्या असतात. अशा वेळी खिडकीतल्या माणसाला विचारावे की यंत्र चालत नसेल तर कागदावर नोंद करून यांचे काम का होत नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाशेजारी उभे राहावे.