बोटीवरची पंगत

आमच्या आष्ट्यापासून समुद्र लांब. मध्ये सह्याद्री आडवा. कृष्णाकाठच्या या मुलखात पाण्यावरचं वाहन म्हणजे नाव, आणि पैलतीर येईपर्यंत त्यात शिदोरी सोडायलाही सवड मिळत नाही. तरीही समुद्रावरच्या मोठ्या बोटीतलं भोजनगृह कसं असावं, यावर आम्ही चार शब्द बोलायला हरकत नाही. कारण त्यातला खरा अवघड प्रश्न आमच्या गावांनी फार पूर्वीच ओळखलेला आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या मुसलमान घरचं लग्न आठवून पाहा. मांडवामागे दोन ठिकाणी चुली पेटलेल्या असतात. एकीकडे बिर्याणीचे हंडे. दुसरीकडे, चांगलं अंतर राखून, जैन, लिंगायत आणि माळकरी शेजाऱ्यांसाठी स्वयंपाक. तिथला आचारी वेगळा, भांडी वेगळी. यात ना यजमानाला कमीपणा वाटतो, ना पाहुण्याला संकोच. पण याच मुलखात एके काळी काही माणसांना सगळी पंगत उठल्यावर, मांडवाच्या बाहेर वाढलं जाई. वेगळेपण दोन्हीकडे आहे. पहिल्यात पाहुण्याचा मान आहे, दुसऱ्यात माणसाचा अपमान. त्या दुसऱ्या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. बोटीवरच्या भोजनगृहाची गोष्ट ही या दोहोंतला फरक शिकण्याची गोष्ट आहे.

सुरुवातीला बोटी बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न साधा होता. खालची जमीनच हलते, मग ताट स्थिर कसं ठेवायचं? बोट डोलते तेव्हा सर्वांत कमी हालचाल होते ती तिच्या मध्यभागी आणि खालच्या बाजूला. म्हणून जुन्या आगबोटींतली मोठी भोजनगृहं बहुधा तिथेच असत. खुर्च्या जमिनीला पक्क्या जखडलेल्या आणि जागच्या जागी फिरणाऱ्या. वादळ असलं की टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्या लावत आणि टेबलक्लॉथ ओला करत, म्हणजे बशा घसरत नसत. पुढे बोटीच्या दोन्ही बाजूंना, पाण्याखाली, पंखांसारखे तोल सावरणारे भाग आले. पी अँड ओ कंपनीची १९५० सालची 'चुसान' ही असे पंख बसवलेली पहिली मोठी प्रवासी बोट मानली जाते. ताटाचा तोल असा सावरला गेला. ताटासमोर बसणाऱ्या माणसाचा तोल सावरायला मात्र जास्त वेळ लागला.

आपली माणसं परदेशी निघाली तेव्हा समुद्रापेक्षा जेवणाच्या टेबलाचीच धास्ती मोठी होती. १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, सोबतीला मिशनरी बायका, आणि शाकाहार सोडायचा नाही हा निश्चय. ज्या टेबलावर बहुतेक पदार्थ सामिष, तिथे या मुलीच्या ताटात काय पडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ला, मोहनदास गांधी नावाचा एक तरुण मुंबईहून विलायतेला निघाला. काटे-चमचे वापरता येत नाहीत. कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस होत नाही. म्हणून त्यानं बरोबर घेतलेली मिठाई आणि फळं खात केबिनमध्येच दिवस काढले. आत्मकथेत त्यांनी हे सारं लिहून ठेवलं आहे. भोजनगृह होतं, टेबल मांडलेलं होतं, तिकिटाचे पैसे भरलेले होते. पण ज्याला तिथे जाऊन बसण्याचीच भीती वाटते, त्याला त्या दालनाचा उपयोग काय?

राजेरजवाड्यांना असला पेच पडत नसे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनी 'ऑलिम्पिया' ही अख्खी बोटच भाड्याने घेतली. गंगाजल नेण्यासाठी चांदीचे प्रचंड घट घडवले. ते आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. आपल्या रिवाजाप्रमाणे खाण्यापिण्यासाठी माणूस किती खर्च करू शकतो, त्याचं हे टोक. त्याच समारंभाला कोल्हापूरचे शाहू महाराजही गेले होते. ते विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ला करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढे याच राजाने कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला. एका राजाने आपलं पाणी सातासमुद्रापार नेलं. दुसऱ्याने, ज्याच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं त्याच्या हातचा कप ओठाला लावला.

त्या काळी बोटीवर दुसरीही एक पंगत बसे. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हाज यात्रेकरूंची. १८७७ साली स्थापन झालेली आणि पुढे मोगल लाइन या नावाने ओळखली गेलेली कंपनी ही वाहतूक करी. जुन्या काळी गरीब यात्रेकरू शिधा स्वतःचा नेत आणि डेकवरच रांधत. कुणी कोकणातला, कुणी बंगालचा, कुणी बुखाऱ्याकडून आलेला. त्यांचं भोजनगृह म्हणजे डेकवर अंथरलेला दस्तरखान. एक थोरली थाळी, भोवती चार-सहा माणसं. खाली बसून जेवणाऱ्याला बोट हलली तरी फारसं भय नसतं. पडणार कुठून? लाकडी पट्ट्या, जखडलेल्या खुर्च्या हे सारे उपाय उंचावर बसणाऱ्यांसाठी! नंतरच्या काळात यात्रेकरूंना बोटीवर शिजवलेलं जेवण मिळू लागलं. १९९५ नंतर समुद्रमार्गे होणारी हाज यात्राच थांबली.

आता वाढपी आणि खलाशी. पी अँड ओच्या बोटींवर भोजनगृहातले वाढपी आणि स्वयंपाकी बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती असत. गाय असो वा डुक्कर, कुठलंही मांस हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे मुसलमान पुष्कळ. त्यांच्यासाठी रांधणाऱ्याला 'भंडारी' म्हणत आणि त्यांचा भटारखाना वेगळा असे. म्हणजे वरच्या झुंबराखाली जे विलायती जेवण वाढलं जाई, त्याच्या आगेमागे आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसांचा घाम होता. इतिहासात त्या जेवणाचे मेनू जपून ठेवलेले सापडतात. वाढणाऱ्यांची नावं क्वचितच सापडतात.

या साऱ्या हकिगतीत एक तारीख मला फार महत्त्वाची वाटते. ४ ऑक्टोबर १९३०. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि मंदिराची दारं बंद होती. तीन वर्षांपूर्वी महाडच्या तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल माणसांनी मार खाल्ला होता. बोटीवर मात्र जेवायच्या टेबलाशी जात विचारत नव्हते, तिकीट विचारत होते. हा फरक लहान नाही. पण त्यावर भाळूनही जाता येत नाही. त्याही बोटीवर पहिल्या वर्गाचं भोजनगृह निराळं आणि दुसऱ्या वर्गाचं निराळं. जातीच्या जागी पैसा आला आणि पंक्तिप्रपंचाने नुसता अंगरखा बदलला.

त्या अंगरख्याचा सर्वांत भरजरी नमुना म्हणजे १९३५ सालची फ्रेंच बोट 'नॉर्मंडी'. तिच्या पहिल्या वर्गाचं भोजनगृह सुमारे ३०५ फूट लांब, ४६ फूट रुंद, आणि एका वेळी सातशे माणसं बसतील एवढं. व्हर्सायच्या आरसेमहालापेक्षाही लांब. त्याला समुद्राकडे उघडणारी खिडकी मात्र नव्हती. लालिकच्या काचेचे दिवे आणि थंड केलेली हवा. समुद्रावर जेवताना समुद्रच दिसू नये, ही मला तरी अजब हौस वाटते. १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ही बोट जळाली.

आज समुद्रपर्यटन पुन्हा आपल्या दाराशी आलं आहे. २०१८ साली मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, ती फार काळ चालली नाही. २०२१ साली 'कॉर्डेलिया'च्या सफरी मुंबईहून निघू लागल्या. त्यांच्या जाहिरातीत जैन जेवणाची सोय ठळकपणे सांगितलेली असते. आनंदीबाईंच्या आणि गांधींच्या ताटाचा प्रश्न सुटायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली, आणि सुटला तो आमच्या लग्नमांडवात सुटला होता तसाच : दुसरी चूल पेटवून.

तेव्हा आदर्श भोजनगृहाचा नकाशा कुणी माझ्याकडे मागितला तर मी एवढंच सांगेन. चुली हव्या तितक्या करा, ज्याच्या त्याच्या ताटाचा मान राखा. समुद्राकडे खिडकी ठेवा. कोपऱ्यात एखादा दस्तरखान अंथरा. नवखा माणूस दाराशी घुटमळला तर 'या, बसा' म्हणणारं कुणी तरी तिथे असू द्या. वाढणाऱ्यालाही निवांत बसून जेवता येईल अशी जागा काढा. आणि दार मात्र सगळ्यांना एकच असू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)