मुंबई ते पुणे : घाटापाशी तुटणारा प्रवास

१८५८ साली मुंबईहून रेल्वेने पुण्याला निघालेला प्रवासी वाटेत पालखीत बसत असे. ही हौस नव्हती. रुळ दोन्ही बाजूंनी आले होते, पण बोरघाटाने ते अडवले होते. खालची गाडी खोपोलीपर्यंत, वरची खंडाळ्यापासून पुढे. मधला चढ भोयांच्या खांद्यावर, तट्टावर किंवा बैलगाडीतून पार करावा लागे. खिसा हलका असेल त्याला स्वतःचे पाय होतेच.

तरीही लोक हा तुटक प्रवास पत्करत. त्याचे कारण जुन्या वाटेत सापडते. मुंबईहून होडीने पनवेल गाठायचे आणि तिथून पुढे घाटाकडे वळायचे, ही पूर्वापार रीत. गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८३० मध्ये, घाटातला रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला. पण खाडीतली भरती-ओहोटी आणि पावसाळ्यातला समुद्र कोणत्याही गव्हर्नराच्या हुकमातले नव्हते. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला, १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोहोचली. आगगाडीच्या वेगाचे कौतुक नेहमी होते. या मार्गावर तिने होडी टाळता आली, हेही तितकेच मोलाचे मानायला हवे.

घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. सुमारे २४ किलोमीटरचा चढ, २५ बोगदे आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे १ फूट एवढी चढण. वाटेतल्या एका स्थानकात तर गाडीची दिशाच उलटी करावी लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. ही कथा पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेच. मात्र १८६१ मध्ये या कामावर सुमारे ४२,००० मजूर होते. पटकीच्या साथींत त्यांतले असंख्य दगावले. त्यांची नावे कोणत्याही कथेत नाहीत.

मार्ग सलग झाल्यावर ‘कशाने जायचे’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘कोणत्या वर्गाने’ हा पुढे आला. १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर विजेच्या इंजिनाची ‘दख्खनची राणी’ धावू लागली, तेव्हा तिच्यात पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सामान्य प्रवाशाला ती फलाटावरून पाहण्यापुरतीच होती. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला जोडले गेले ते जून १९५५ मध्ये.