रामकिंकर बैज आणि शिल्पाचे द्रव्य

शिल्पकृती म्हटली की आपल्या दृष्टीपुढे संगमरवर किंवा ब्राँझ उभे राहते. इतर द्रव्ये म्हणजे त्या दोहोंकडे नेणाऱ्या पायऱ्या, अशी आपली समजूत असते. रामकिंकर बैज या बंगाली शिल्पकाराने ही समजूत कशी खोटी पाडली, हे पाहण्यासारखे आहे.

बांकुडा येथे १९०६ साली एका गरीब कुटुंबात जन्मलेला हा मुलगा, ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांच्या साहाय्याने, १९२५ साली शांतिनिकेतनात आला व नंदलाल बसूंचा शिष्य झाला. ब्राँझ ओतविणे हे खर्चाचे काम; ते त्यास कोठून परवडणार? तेथील माळावर तांबड्या जांभ्याची खडी मात्र हवी तितकी होती. आमच्या कोकणस्थ वाचकांस जांभा काय हे सांगावयास नकोच. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारून, ही खडी सिमेंटमध्ये कालवून, तो मसाला त्यांनी हातांनी सांगाड्यावर चढविला.

गरजेपोटी पत्करलेल्या या द्रव्याने त्यांस एक नवी शिस्त लावली. सिमेंट लवकर आळते. तेथे रेंगाळून घोटीत बसण्यास अवकाश नाही. त्यामुळे हाताचा वेग पृष्ठभागावर जसाच्या तसा राहिला. १९३८ सालच्या ‘संथाल कुटुंबा’त कावड घेतलेला पुरुष, त्याची स्त्री, मूल आणि कुत्रा बिऱ्हाड हलवून निघाली आहेत. ही माणसाहून मोठी शिल्पे दालनात नसून उघड्यावर आहेत. पाहणाऱ्याने त्यांच्याभोवती फिरावे, म्हणजे त्यांची चाल पावलागणिक निराळी भासते.

१९५६ सालच्या ‘मिल कॉल’मध्ये तर गतीची परमावधी झाली आहे. गिरणीचा भोंगा ऐकून धावणाऱ्या दोन स्त्रियांची वस्त्रे मागे वाऱ्यावर फडफडत आहेत. असे अधांतरी फडफडणारे वस्त्र दगडात कोरणे दुर्घट होय. येथे आतील सळई त्याचा भार वाहते. शिल्पाभोवतीची मोकळी हवाही जणू रचनेचाच भाग होते.

बैजांस दगड साधत नव्हता असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या दारी उभे असलेले त्यांचे प्रचंड यक्ष-यक्षी दगडाचेच आहेत. पण त्यांत भारदस्त स्थैर्य आहे, धावपळ नाही. ज्या द्रव्याचा जो स्वभाव, तेच त्याच्याकडून मागावे, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

ऊन-पावसात उभ्या असलेल्या सिमेंटच्या शिल्पांची झीज व्हावयाचीच. ती टिकावीत म्हणून ब्राँझमध्ये उतरवावीत, असे कोणास सुचल्यास ते स्वाभाविक आहे. आकार तेवढा टिकेल खरा. परंतु ज्या तांबड्या भूमीवरून ती माणसे चालली आहेत, तिचा त्यांच्या अंगावरील रंग त्यात राहणार नाही. म्हणून मूळ कृती जपण्याचा खटाटोप कितीही कष्टाचा असला, तरी तो केलाच पाहिजे.